झेनीबाईंचा भागाकार

डोब्रा गावात येऊन 'झेनोव्हिया प्रिस्तुपा कुठे राहतात?' असं विचारलंत तर माणूस क्षणभर गोंधळेल. 'गणिताच्या बाई' म्हणालात तर हातातलं फावडं बर्फात रोवून तो तुम्हाला थेट त्यांच्या दारापर्यंत आणून सोडेल. निम्मं गाव त्यांच्या फळ्यासमोर उभं राहून कधी ना कधी घामाघूम झालेलं. पेट्रोलपंपाशेजारच्या कॅफेतली आचारीण, गॅरेजवाला, चर्चचे फादर, सगळ्यांना बाईंचे दोन शब्द अजून पाठ आहेत: 'पायऱ्या दाखव.' उत्तर बरोबर असलं तरी मधल्या पायऱ्या गाळल्या असतील तर बाई अर्धे गुण कापायच्या आणि वर म्हणायच्या, "उत्तर काय, कावळासुद्धा चोचीतून आणून टाकेल. तू तिथवर कसा आलास ते सांग."

स्वयंपाकात मात्र बाई अगदी ढ. घरातलं बोर्श्ट म्हणजे बीटचं सूप, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, सणाच्या पेरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, सगळं नेस्टरच्या हातचं. नेस्टर म्हणजे बाईंचा नवरा. उन्हातान्हात गहू आणि मोहरी पिकवलेला, बोलायला कमी आणि ऐकायला खंबीर माणूस. कर्लिंगच्या खेळात बर्फावर दगड सरकवताना बाई जो आरडाओरडा करायच्या तो बाहेर उभ्या केलेल्या गाड्यांपर्यंत ऐकू यायचा, आणि नेस्टर त्यांतल्याच एका गाडीत बसून रेडिओचा आवाज वाढवायचा. असा त्यांचा संसार.

ती साथ आली तेव्हा नेस्टर ऐंशीला टेकलेला होता. जन्मभर धान्याची धूळ ओढून छाती खराब झालेली. वसंतात लस आली, तशा बाई गाडी बाहेर काढून उभ्या राहिल्या.

"झेन, माझी फुप्फुसं आधीच भुशानं भरलेली. त्यात आणखी काय भरून घेऊ?" तो म्हणाला.

"म्हणूनच चल."

"तू म्हणतेस म्हणून येतो हं. माझं काही मत नाही."

त्यानं पहिला डोस घेतला, मग दुसरा घेतला. टोचणाऱ्या मुलीनं दिलेला चिकटपट्टीचा गोल तुकडा त्यानं टोपीवर लावला आणि उन्हाळाभर तीच टोपी घातली.

कापणी आटोपली, यंत्रं शेडमध्ये गेली आणि नेस्टर खोकायला लागला. शहरातल्या इस्पितळात बाईंना काचेपलीकडून त्याचा हात दिसायचा, फक्त हात. महिनाअखेरीस तो गेला. दफनाला मोजकी माणसं होती, आणि फादर मास्कमधून काय म्हणत होते ते बाईंना कळलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पहिला जोराचा बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी टपाल आणायला म्हणून निघाल्या आणि पाय आपसूक कॅफेकडे वळले.

कॅफेत खिडकीजवळ एक लांब टेबल आहे. रोज सकाळी गावातले पुरुष तिथे कॉफीला जमतात. हवा, गव्हाचा भाव, हॉकी आणि सरकार, या चार गोष्टींवर तिथे निकाल लागतो. त्या टेबलाचा राजा म्हणजे ओरेस्ट कुझिक. बियाणं आणि खतांचा विक्रेता, पन्नाशी ओलांडलेला, आवाज ढगासारखा. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलांत हा सगळ्यांत तल्लख. विद्यापीठात नाव घातलं होतं, पण बाप अचानक गेला आणि पोरगा शेतावर परतला. त्याचा राग सुयांवर तसा नव्हताच. रेजायनात, प्रांताच्या राजधानीत बसून हुकूम सोडणाऱ्यांवर होता, आणि तो राग त्यानं लस न घेऊन जपला होता.

बाई आत आल्या तशी कुजबूज थांबली. ओरेस्ट उठला, त्यानं खुर्ची ओढली.

"बसा, बाई. नेस्टरकाका गेले, फार वाईट झालं. आमचा बाप गेल्यावर मला पेरणी शिकवली ती त्यांनी."

"माहीत आहे मला. तू त्याचं कुंपण तोडलं होतंस."

टेबलावर हसू फुटलं. ओरेस्टही हसला, मग कॉफीच्या कपाकडे बघत राहिला.

"रागावू नका, बाई. पण मनात आहे ते बोलतो. त्यांनी दोन्ही डोस घेतले होते ना?"

"हो."

"मग काय उपयोग झाला?"

ओरेस्टनं खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "हे बघा. माझ्या मनचं नाही, सरकारचंच पान आहे. मागच्या महिन्यात आपल्या प्रांतात जे गेले त्यांच्यात टोचून घेतलेलेच जास्त आहेत. न घेतलेले कमी. पांढऱ्यावर काळं लिहिलंय."

गल्ल्याजवळ उभी असलेली टपालखात्याची बेर्निस तिथूनच कडाडली, "आणि माझ्या कचेरीच्या भिंतीवर जे लिहिलंय ते? शंभर मेले त्यांतले नव्याण्णव न टोचलेले! ते वाचता येत नाही वाटतं तुला?"

"ते कुणी छापलंय, बेर्निस?"

"तुझ्या फोनवर कोण छापतो?"

टेबल पेटलं. जो तो बोलायला लागला. एका गावात दोन आकडे, दोन्ही छापील, आणि दोन्हीकडच्या माणसांना आपलाच खरा वाटणारा. अशा वेळी एरवी बाईंनी टेबलावर चमचा आपटून सगळ्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी त्यांनी अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि निघून आल्या.

घरी आल्यावर कोट न काढता त्यांनी संगणक उघडला. ओरेस्टनं दाखवलेलं पान खरंच होतं. टोचून घेतलेल्यांचा आकडा खरंच मोठा होता. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईंना त्या दिवशी दोन आकड्यांतला मोठा कोणता एवढंच दिसलं, त्यापलीकडे काही दिसलं नाही. दुःखात डोकं असंच चालतं. 'तू म्हणतेस म्हणून येतो हं,' हे नेस्टरचं बोलणं त्यांच्या कानात घुमत राहिलं. आपण त्याला उगाच नेलं का? लशीचा उपयोग झाला नाही तो नाहीच, पण त्याहून वाईट, लशीनंच काही झालं असेल का? असा विचार मनात आल्याचीच त्यांना लाज वाटली. पण आला तो गेला नाही. नाताळ गेला, तरी तो विचार त्यांच्याबरोबरच होता.

चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या मध्यावर येणारं नवं वर्ष जवळ आलं, तशी चर्चच्या तळघरात पेरोगी करायला बायका जमल्या. त्या वर्षी एकत्र जेवण नव्हतं, डबे भरून घरोघर द्यायचे होते. फिलिस हावरिलुक बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. फिलिस म्हणजे बाईंची शाळेपासूनची मैत्रीण, तोंडानं फटकळ, हातानं चपळ.

"चल. कोट घाल."

"मला येत नाहीत पेरोगी करायला, तुला माहितेय."

"सगळ्या गावाला माहितेय. तरी चल. घरात बसून तू काही सुंदर दिसत नाहीयेस."

तळघरात कणकेचे गोळे, बटाटा-चीजच्या सारणाची परात, वाफेनं घामेजलेल्या खिडक्या. फिलिस पारी लाटायची, सारण भरायची आणि कडेला वेणी घालून मिटवायची, बघता बघता ताट भरायची. बाई कोपऱ्यात बसून एकेक पारी काट्यानं दाबून कशीबशी बंद करत होत्या. उकळत्या भांड्यापाशी अदेलिन उभी होती. ती चर्चच्या बायकांची मुकादम, कुणाचं काही चुकलं तर ते मोठ्यानं सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"फिलिस!" झारा उंच धरून ती ओरडली. "फुटलेल्या बाजूला काढतेय मी. बघ, बहुतेक सगळ्या वेणीच्या कडेच्या. म्हणजे तुझ्या. इतक्या वर्षांत कड मिटवायला शिकली नाहीस?"

फिलिसनं लाटणं आपटलं. "डोळे शाबूत आहेत ना तुझे? सकाळपासून त्या भांड्यात पडलंय ते सगळं माझंच! ढीग मी केला, तर फुटलेल्यांत माझ्या जास्त निघणारच की! ही गणिताची बाई, मूठभर केल्यात तिनं, आणि त्यातल्या निम्म्या फुटल्यात. ते नाही दिसलं तुला?"

बायका हसायला लागल्या. झेनीबाई हसल्या नाहीत. हातातला काटा तसाच धरून त्या फिलिसकडे बघत होत्या.

"फिलिस, परत म्हण."

"काय परत म्हणू? तुझ्या पेरोगी भिकार असतात."

"त्याच्या आधीचं."

"ढीग मी केला, तर फुटलेल्यांत माझ्या जास्त निघणारच."

बाई उठल्या. पिठाच्या हातांनीच त्यांनी फिलिसचं तोंड धरलं आणि गालाचा मुका घेतला. "अगं, मी किती मूर्ख बाई आहे! किती मूर्ख!" आणि नेस्टर गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या, तो कर्लिंगच्या मैदानावरचा आवाज तळघरभर घुमला. प्रांतातले बहुतेक म्हातारे टोचून घेतलेले. ढीग त्यांचा. मग गेलेल्यांत त्यांची संख्या मोठी दिसणारच. कितीजण गेले हे नाही बघायचं, कितीजणांतले किती गेले हे बघायचं. चौथीतल्या मुलाला जे शिकवलं ते आपण शोकात विसरलो होतो.

"हिला काय झालं?" अदेलिननं विचारलं.

"भागाकार झाला," बाई म्हणाल्या आणि एप्रन न काढताच घरी निघाल्या.

त्याच आठवड्यात गावात नवा वाद उभा राहिला. आरोग्य खात्याची गाडी तिसरा डोस, आणि ज्यांचा राहिला त्यांच्यासाठी पहिला, घेऊन फिरणार होती, आणि त्यांना एका दिवसासाठी कर्लिंगच्या मैदानावरचा मोठा हॉल हवा होता. हॉलच्या समितीचा अध्यक्ष ओरेस्ट. तो नाही म्हणू शकला असता, पण तसा तो पडद्याआड काम करणारा माणूस नव्हता. त्यानं कॅफेत जाहीर केलं, "रविवारी प्रार्थनेनंतर सगळे या. मी बोलतो, ज्याला उलट बोलायचंय त्यानं बोलावं, मग हात वर करा."

"उलट मी बोलणार," दारातून झेनीबाई म्हणाल्या.

ओरेस्टच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, मग काळजी. "बाई, तिथं कुणी काही लागट बोललं तर?"

"शाळेत तू काय कमी बोलायचास?"

रविवारी बाहेर डोळ्यांत पाणी गोठेल अशी थंडी होती, तरी हॉल भरला. काहींच्या तोंडावर मास्क, काहींच्या हनुवटीवर, काहींच्या खिशात. बेर्निसनं आपल्या बाजूची माणसं पुढच्या रांगेत बसवली होती. ओरेस्टची माणसं भिंतीला टेकून उभी.

ओरेस्ट आधी बोलला, आणि चांगला बोलला. म्हणाला, "मी कुणाला मूर्ख म्हणत नाही. मला फक्त कुणी मूर्ख बनवू नये. वसंतात सांगितलं टोचा, सुटाल. सुटलो? प्रांताचाच आकडा सांगतो, गेलेल्यांत टोचलेले जास्त. मग आमच्या हॉलमध्ये हा बाजार कशाला?" टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या, कारण मांडणी नीट होती.

मग त्या उठल्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. टपाल कचेरीतलं ते 'शंभरातले नव्याण्णव' पत्रक.

"आधी हे. बेर्निस, मी हे तुझ्या भिंतीवरून काढून आणलंय. हे खोटं नाही, पण लबाड आहे."

पुढच्या रांगेत खळबळ झाली. "झेनी, तू कुणाच्या बाजूची?" बेर्निस जवळजवळ रडकुंडीला आली.

"ऐक तर. हे मोजणं सुरू होतं गेल्या जानेवारीपासून. तेव्हा लस कुणाला मिळाली होती? जवळजवळ कुणालाच नाही. मग त्या महिन्यांत जे गेले ते सगळे न टोचलेलेच असणार. हे म्हणजे उन्हाळ्यातले अपघात मोजायचे आणि सांगायचं, बघा, एकाही गाडीला बर्फाचे टायर नव्हते, तेव्हा आमचे टायर घ्या!"

ओरेस्टनं मांडीवर थाप मारली. भिंतीकडची माणसं खो खो हसली. बाईंनी पत्रकाचे दोन तुकडे केले आणि त्याच्याकडे वळल्या.

"हसून झालं? आता तुझा आकडा. फिलिस, उभी राहा. पेरोगींचं काय झालं ते सांग."

फिलिसला दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. तिनं अदेलिनच्या झाऱ्यासकट, हातवाऱ्यांसकट सगळं सांगितलं. अदेलिन मधूनमधून "असं काही मी म्हटलं नव्हतं" म्हणत होती. हॉल हसून बेजार झाला. हसू ओसरायच्या आत बाईंनी खडू घेऊन हॉलमधल्या गुण मांडायच्या फळ्यावर लिहिलं.

"शंभर म्हातारे धरा. नव्वदांनी टोचून घेतलं, दहांनी नाही. नव्वदांतले तीन गेले, दहांतले दोन. गेलेल्यांत जास्त कोण?"

"टोचलेले," हॉल म्हणाला. तीन-चार आवाज शाळेतल्यासारखे लांबवून आले.

"आता मला सांगा, तुम्हाला कुठल्या घोळक्यात उभं राहायचंय? तिसांतला एक जातो तिथे, की पाचांतला एक जातो तिथे?"

"तिसांतल्या," पुढची रांग म्हणाली. पण ओरेस्ट उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हार नव्हती.

"बाई, हा फळ्यावरचा हिशेब झाला. तुम्ही आकडे सोयीचे घेतलेत. मी खरे घेऊन आलोय." त्यानं फोन वर धरला. "गाढव नाही मी. भागलंय मी. प्रांतातले सगळे टोचलेले खाली, गेलेले वर. न टोचलेल्यांचंही तसंच. दोन्हींत फरक उरतच नाही म्हणायला हरकत नाही. आता?"

बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू उमललं की पुढच्या रांगेला वाटलं, हिला वेड लागलं.

"तू भागलंस, ओरेस्ट?"

"भागलं."

"शाब्बास. इतक्या महिन्यांत या गावात तू एकट्यानंच भागलंस. आता एक पायरी राहिली. न टोचलेल्यांत कोण कोण आहे?"

"कोण म्हणजे? माझ्यासारखे."

"आणखी?"

"आणखी... पोरं. शाळेतली. पाळण्यातली."

"पाळण्यातली पोरं या रोगानं किती जातात?"

"जवळजवळ नाहीच." त्याचा आवाज थोडा खाली आला होता.

"आणि टोचलेल्यांत भरणा कुणाचा?"

ओरेस्ट फोनवरचे आकडे पुन्हा बघायला लागला. त्याचे ओठ हलत होते. बाईंना हा चेहरा ओळखीचा होता. दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर, अवघड गणित सुटायच्या आधी हा पोरगा असाच स्वतःशी पुटपुटायचा. त्या वेळी मधे बोलायचं नसतं.

"म्हाताऱ्यांचा," शेवटी तो म्हणाला. "थांबा, थांबा. म्हणजे मी एका बाजूला आजोबा ठेवले आणि दुसऱ्या बाजूला बाळं. आणि आजोबा बाळांइतकेच टिकले. अरे देवा! म्हणजे ते... वय वेगळं काढायला हवं. सत्तरीतल्याशी सत्तरीतलाच लावायला हवा."

"मी काही म्हटलेलं नाही. तूच म्हणालास."

"पण वयाचे आकडे कुठे आहेत?"

"त्याच पानावर. खाली सरक. आणखी खाली."

ओरेस्टनं अंगठ्यानं पान सरकवलं. वाचलं. मग फोन बाजूच्या माणसाला धरायला दिला, पुढे येऊन बाईंच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर स्वतः मांडायला लागला. सत्तरीतले टोचलेले, सत्तरीतले न टोचलेले. वर गेलेले, खाली सगळे. मग साठीतले. मग पन्नाशीतले, म्हणजे तो स्वतः. प्रत्येक ओळीला न टोचलेल्यांचं मरण कितीतरी पट निघत होतं. फळा भरला तरी तो लिहीत होता. शेवटी मागे सरकून उभा राहिला आणि ढगासारख्या आवाजाचा तो माणूस हळूच म्हणाला, "हे बरोबर आहे."

तेवढ्यात भिंतीकडून कुणीतरी बोललं. वॉल्ट नावाचा एक वयस्क शेतकरी, कडवट माणूस. "हे सगळं ठीक. पण दोन सुया घेऊन नेस्टर गेलाच ना?"

फिलिसच्या तोंडून शिवी निसटली. ओरेस्ट गर्रकन वळला. "वॉल्ट, तोंड सांभाळ!"

"थांब, ओरेस्ट," बाई म्हणाल्या. "प्रश्न बरोबर आहे. दोन-अडीच महिने मी रोज तोच स्वतःला विचारत होते."

त्या फळ्याजवळ गेल्या. आपण मघाशी लिहिलेल्या तीनवर त्यांनी बोट ठेवलं.

"नेस्टर इथे आहे, वॉल्ट. या तिघांत. माझ्या विरुद्ध जाणाऱ्या आकड्यात. मी त्याला वगळलेलं नाही. वगळला असता तर उत्तर माझ्या आणखी सोयीचं आलं असतं, आणि खोटं आलं असतं. ओरेस्टनं आत्ता प्रांताचं मांडलं, त्यातही तो आहे. त्याला धरून सगळा हिशेब केला, तरी उत्तर हेच येतं." त्या फळ्याकडून हॉलकडे वळल्या. "लस घेतली की कुणी अमर होत नाही. त्याची छाती तुम्हाला ठाऊक होती. तो पाचांतला एक होऊ नये म्हणून मी त्याला नेलं. तो तिसांतला एक निघाला. आज तो समोर असता तर मी पुन्हा गाडी काढली असती. पुन्हा त्यानं कुरकुर केली असती. आणि पुन्हा मी त्याला नेलं असतं."

हे शब्द बोलताना बाईंना जाणवलं की आपण ते हॉलला सांगत नाही आहोत. कापणीनंतरच्या त्या दिवसांपासून छातीवर जे बसलं होतं ते उठलं. त्यांनी खोल श्वास घेतला, आणि तो पार आत गेला.

वॉल्टनं टोपी काढली. "बरा माणूस होता," तो पुटपुटला.

"फार," बाई म्हणाल्या.

ओरेस्टनं खडूनं पांढरी झालेली बोटं पँटला पुसली. "मतं घ्यायची आहेत. त्याआधी एक सांगतो. रेजायनातल्या लोकांवर माझा भरवसा नाही. कालही नव्हता, आजही नाही. आणि कुणावर सक्ती केली तर मी पहिला उभा राहीन."

"सक्तीचं आपण नंतर भांडू. आणि भरवसा त्यांच्यावर नको ठेवूस. तू स्वतः फळ्यावर काय लिहिलंयस त्यावर ठेव."

"ते तर नाइलाजच आहे," ओरेस्ट म्हणाला, आणि अध्यक्षाचाच हात सगळ्यांत आधी वर गेला. मग पुढच्या रांगेचे गेले, मग भिंतीकडचे, एकेक करत, काही अर्धे, काही कोपरापर्यंत. विरोधात हात राहिले ते इतके थोडे की बेर्निसनं ते न मोजता सोडून दिले.

टोचण्याच्या दिवशी गाडी यायच्या आधीच हॉलच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. बाई दाराशी कॉफी ओतत होत्या. ओरेस्ट आपल्या आईला घेऊन आला. पाराश्का आजी, नव्वदीच्या घरातली, डोक्याला फुलांचा रुमाल, काठी आपटत चालणारी. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "आजी, हा पहिला डोस ना?"

"पहिला कसला? तिसरा."

ओरेस्ट दचकला. "आई? तिसरा?"

"वसंतात फिलिस घेऊन गेली होती मला. दोन्ही वेळा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तेव्हा भांडत होतास. भांडणाऱ्याला काय सांगायचं? माझा हात, माझी सुई." आजीनं बाही वर केली. "तू कितवा घेणार? पहिला? मग माझ्या मागे उभा राहा."

मागची रांग इतकी हसली की हॉलमधली नर्स काय झालं म्हणून बघायला आली. ओरेस्ट लालबुंद झाला, पण आईच्या मागे उभा राहिला. सुई लागताना त्यानं छताकडे बघितलं आणि डोळे घट्ट मिटले. बाईंनी ते पाहिलं आणि त्यावर कधीही काही न बोलण्याचं त्याच क्षणी ठरवून टाकलं. वॉल्ट दुपारी आला, कुणाशी न बोलता टोचून घेऊन गेला. संध्याकाळी गाडीवाल्यांनी सांगितलं, आणलेलं संपलं, पुढच्या वेळी जास्त आणू.

बातमी आजूबाजूला पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या गावातल्या फादरांचा फोन आला. त्यांच्याकडे हॉलवरून तसंच भांडण पेटलं होतं. प्रिस्तुपाबाई येतील का?

"मी एकटी नाही येणार," बाई म्हणाल्या. "मला उलट बोलणारा हुशार माणूस लागतो. तो माझ्याकडे आहे, त्याला घेऊन येते."

पुढच्या रविवारी ओरेस्टचा ट्रक बर्फातून निघाला. पुढे ओरेस्ट आणि बाई, मागे फिलिस, मांडीवर पेरोगींचं गरम भांडं घेऊन. गाव मागे पडायच्या आत सक्तीचं भांडण सुरू झालं.

"माणसाच्या अंगाचा मालक सरकार नाही, बाई!"

"आणि शेजारच्या म्हातारीच्या श्वासाचा मालक तू आहेस का?"

"हे गणित नाही, हे धोरण आहे!"

"म्हणूनच तर मजा येतेय. ह्यात मी हरूही शकते!"

दोघांचे आवाज इतके चढले की वळण कधी निघून गेलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. फिलिसनं मागून ओरडून ट्रक फिरवायला लावला. पोचायला उशीर झाला. सूर्य कललेला, वारा बोचरा. आणि तरी त्या अनोळखी गावातल्या हॉलच्या दाराबाहेर माणसं उभी होती, कानटोप्या ओढून, पाय आपटत, रस्त्याकडे डोळे लावून. आत जागा उरली नव्हती.

"किती आहेत हो हे," ओरेस्ट ट्रक थांबवता थांबवता म्हणाला.

झेनीबाईंनी पट्टा सोडला, दार ढकललं आणि ट्रक पुरता थांबायच्या आत खाली उतरल्या.